दोघांचं अंथरूण

१

त्या हिवाळ्यात प्लेवेनान गावाची सकाळ खडूच्या आवाजाने व्हायची. चर्चमधली प्रार्थना आटोपली की गावचा कारभारी गोनेरी लेस्कॉप हातमोजे नीट ओढत बाहेर येई, आणि पायऱ्यांशी सार्जंट ला व्हर्दूर त्याची वाट पाहत उभा असे. मग दोघे दारोदार हिंडत. कारभाऱ्याने घर दाखवायचं आणि सार्जंटाने दारावर खडूने आकडा टाकायचा. जेवढा आकडा तेवढे शिपाई त्या घरात उतरणार. घरवाल्याने त्यांना शेकोटीजवळ जागा द्यायची, दिव्याचा उजेड द्यायचा, मीठ द्यायचं आणि अंथरूण द्यायचं, दोघांत एक. राजाचा नियम एवढाच होता. कोंबड्या, सफरचंदाची दारू आणि घरातल्या लेकीसुना यांच्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं, आणि शिपायांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता.

रोज कुणी शिपाई पुढच्या गावी जायचे, कुणी नवे यायचे, म्हणून आकडे रोज पुसायचे आणि रोज नवे टाकायचे.

"कारभारीसाहेब," सार्जंट म्हणायचा, "तुमच्या गावातली दारं सगळी सारखी आणि तोंडं सगळी आंबट. तुम्ही बरोबर नसता तर मी एकाच घरावर तीनदा आकडा टाकला असता."

गोनेरी हसायचा. हसून झाल्यावर आपण हसलो याचीच त्याला लाज वाटायची, पण तोवर पुढचं दार आलेलं असायचं.

त्याचं स्वतःचं दार बाजारचौकाच्या टोकाला होतं. हिरव्या रंगाचं, पितळी कडीचं आणि स्वच्छ. त्यावर एकदाही खडू लागला नव्हता. त्या दारासमोरून जाताना सार्जंट टोपी काढून खोटंखोटं वाकायचा. "या दाराला आपण हात लावायचा नाही बुवा. वरून हुकूम आहे."

त्या दिवशी गोनेरी घरी परतला तेव्हा त्याला जिन्याच्या मधल्या पायरीवर एक थेंब दिसला. पिवळा, घट्ट झालेला. त्याने वाकून नखाने खरवडला. मेण होतं, मधमाश्यांचं. त्याच्या घरात चरबीच्या मेणबत्त्या जळत. असलं पिवळं मेण चर्चमध्ये असायचं, नाहीतर फाशी जाणाऱ्याच्या हातातल्या मशालीत.

"माहारित," त्याने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, "जिन्यावर मेण कुणी सांडलं?"

माहारित त्याच्या जन्माआधीपासून त्या घरात कामाला होती. तिला निम्मंच दिसायचं, पण बोलायला ती कुणाला ऐकायची नाही. "मेण? धनी, मेण जाळायला आपण काय बिशप लागून गेलो?"

"मग हे काय आहे?"

"वरून गळलं असेल."

"वर कोण आहे गाळायला?"

माहारितने पळी हातात धरून त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मला काय विचारता," ती म्हणाली आणि पातेल्याकडे वळली.

गोनेरीची बायको आणि मुलगी शरद ऋतूतच माहेरी, मोठ्या शहरात निघून गेल्या होत्या. शिपाई येणार हे गावात कुणालाही कळण्याआधी त्याला कळलं होतं, म्हणून त्याने त्यांना वेळेवर पाठवलं होतं. वर कुणी नव्हतं. तरी तो थेंब त्याने सगळा खरवडून काढला आणि रुमालात बांधून शेकोटीत टाकला.

२

झालं होतं ते असं. राजा चौदाव्या लुईच्या लढायांना पैसा पुरेना, म्हणून त्याच्या मंत्र्यांनी प्रांतावर नवे कर लादले. तंबाखूवर कर, कथलाच्या ताटल्यांवर कर, आणि सगळ्यात जाच म्हणजे स्टँपाचा कागद. जमिनीचा सौदा करा, मृत्युपत्र करा, पोरीचं लग्न ठरवा, प्रत्येकाला राजाच्या शिक्क्याचा महागडा कागद. गोनेरी लोकांचे कागद करून देण्यावरच जगत होता. लोकांनी कागद करणंच सोडलं.

उन्हाळ्यात एका दुपारी स्टँपाच्या कचेरीसमोर बाचाबाची झाली. गोनेरी आणि त्याचा बालमित्र जाकुत ल गॉफ, गावचा पिंपवाला, दोघे दारूच्या दुकानातून ते पाहत होते. काय अंगात आलं कोण जाणे, दोघे उठले आणि त्या गोंधळात कुणाच्या लक्षात यायच्या आत धावत चर्चच्या मनोऱ्यात शिरले. तिथे थोरली होती. गावची मोठी घंटा. तिचा बाप्तिस्मा झाला होता, तिला बार्ब असं नाव होतं, पण तिला सगळे थोरलीच म्हणत. तिला दोन बाजूंनी दोन दोर होते. एकट्याने ओढली तर ती नुसती डुलायची, तिचा लोळ काठाला लागायचा नाही. दोघांनी आळीपाळीने ओढली तरच वाजायची. प्लेवेनानमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक होतं.

एक दोर जाकुतने धरला, दुसरा गोनेरीने. थोरली वाजली, आणि आसपासच्या खेड्यांतून लोक कोयते घेऊन निघाले. संध्याकाळपर्यंत कचेरी जळून गेली आणि कारकून नुसत्या आतल्या चोळण्यावर पळाला. खरं सांगायचं तर गोनेरीला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. दोराने त्याचे तळहात सोलून निघाले. जाकुतचे हात पिंपाच्या फळ्या वाकवून वाकवून दगड झालेले, त्याला ओरखडासुद्धा आला नाही. गोनेरीच्या हाताला चरबी लावून फडकं बांधताना तो म्हणाला, "तुझे हात म्हणजे नुसतं लोणी आहे रे, गोन्या."

मग फौज आली. गावाने बोलणी करायला गोनेरीला पाठवलं, कारण त्याला दरबारी फ्रेंच यायचं आणि त्याच्याकडे एक चांगला कोट होता. जखमा झाकायला त्याने हातमोजे घातले, आणि पुढे वण राहिले म्हणून ते लोकांसमोर कधी काढलेच नाहीत. छावणी एका मठात होती. गव्हर्नरचा सचिव लांबलचक टेबलाशी बसून नासपती सोलत होता. माणूस सभ्य होता, थकलेला होता.

"गाव मोठं आहे आणि आमच्याकडे फाशीच्या खांबांना लाकूड थोडं," तो म्हणाला. "आम्हालाही घरी जायचंय. घंटा वाजवणाऱ्याचं नाव सांगा. बाकी साऱ्यांना माफी."

गोनेरीने एक हातमोजा मनगटावर ओढला.

"की जास्त जण होते?" सचिवाने सहज विचारलं. "किती लागतात हो घंटा वाजवायला?"

परक्या माणसाला काय ठाऊक. त्याला काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मला माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं. गोनेरी म्हणाला, "एक." आणि मग त्या एकाचं नाव सांगितलं.

सचिव खूश झाला. तुमच्या दाराला आमचा खडू लागणार नाही, असा शब्द त्याने आपणहून दिला. गोनेरीने तो मागितला नव्हता, पण नकोही म्हटलं नाही. उलट वाकून आभार मानले. पुढे केलेली नासपतीची फोड खाल्लीसुद्धा. ती गोड होती, हे त्याच्या अजून लक्षात होतं.

गावात येऊन त्याने सांगितलं की छावणीत त्यांना नाव आधीच ठाऊक होतं.

जाकुतला चर्चच्या पायऱ्यांवर उभं केलं. अंगात नुसता पांढरा सदरा, पाय अनवाणी, गळ्यात दोर, हातात जळती पिवळ्या मेणाची जड मशाल. फाशीआधी देवाची, राजाची आणि न्यायाची मोठ्याने क्षमा मागायची, ही तिकडची रीत. मेण ओघळून त्याच्या पावलांवर पडत होतं. न्यायाधीशाने विचारलं, "घंटा कुणी वाजवली?"

"मी."

"एकट्याने?"

"एकट्यानं."

सगळा गाव तिथे उभा होता. हे खोटं आहे हे एकूण एक माणसाला कळलं, आणि एकूण एक माणसाने मान खाली घालून आपापल्या पायांकडे पाहिलं. दुसरा कोण, हे मात्र त्या गर्दीत गोनेरीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. जाकुतने गर्दीत त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं गोनेरीला पुढे कितीदा तरी वाटलं.

शिक्षा म्हणून थोरलीही खाली उतरवली, फोडली आणि गाडीत घालून नेली. मग शिपायांची वाटणी झाली. माफ असलेल्या घराचा वाटा दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. सार्जंटाने विचारलं, "तुमचे कुठे घालू?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "त्या पिंपवाल्याच्या घरी घालतो. तिथून तक्रार यायची नाही." घर कोणतं ते गोनेरीलाच दाखवावं लागलं. त्याने हात उचलून दाखवलं.

३

मेणाच्या थेंबानंतर शेकोटीजवळचं तिपाईवजा आसन जागा सोडू लागलं. गोनेरी ते भिंतीशी सारून ठेवी, आणि संध्याकाळी पाहावं तर ते विस्तवाच्या अगदी तोंडाशी. एकदा त्या आसनासमोरच्या राखेत पाऊल उमटलेलं दिसलं. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली. त्या थंडीत भिकारीसुद्धा लाकडी जोडे घालून फिरत होते.

टेबलाच्या टोकाला माहारितने मिठाची वाटी ठेवली होती.

"हे कुणाचं?"

"वरच्याचं."

"कोण वरचा?"

"आता माझ्याशी कशाला लपवता, धनी." माहारितने आवाज खाली आणला. "तुम्हीच आणलात ना. गावात बोभाटा नको म्हणून गुपचूप ठेवलात, मला कळतं की. अख्ख्या गावाच्या उरावर शिपाई आणि आपलं घर मोकळं, माणसाचं मन खाणारच. चांगलं केलंत. गरीब आहे हो. शेकतो, मिठाचं बोट चाखतो, वर जातो. बूटसुद्धा नाहीत बिचाऱ्याला."

"तू पाहिलंस त्याला?"

"पाठमोरा. तोंड इकडे करतच नाही. लाजतो मेला." ती पाव कापू लागली. "एकच आहे. मी अंथरूण एकट्याचं घातलं होतं. सकाळी पाहते तर ओढून दोघांचं केलेलं. आणि झोपतो भिंतीला चिकटून. म्हटलं, दुसरा कधी यायचाय?"

"मग?"

"बोलला नाही. दुसऱ्या बाजूचं पांघरूण मात्र मागे सारून ठेवतो रोज. येणाऱ्याची सोय."

गोनेरीने विचार केला. तो कागदपत्रांचा माणूस होता, त्याला कारण लागायचं. म्हातारी आंधळी झालीय. तिचा कुणी पळपुटा भाचा असेल, माळ्यावर लपवला असेल तिने. फौजेतून पळालेला, म्हणून अनवाणी. मेण चर्चमधून चोरलेलं. सगळं नीट बसत होतं. तसं असेल तर एकदा वर जाऊन पाहणं एवढंच काम होतं, आणि तेवढंच तो करत नव्हता.

शेजारच्या घरांत दिवस मावळला की बुटांचा धडधडाट सुरू व्हायचा, गाणी व्हायची, एखादी बाई ओरडायची. गोनेरीच्या घरात शांतता असायची. त्या शांततेत सकाळी दाढी करताना डोक्यावरच्या फळ्यांवर त्याला पावलं ऐकू येत. मऊ, जड, बुटांशिवायची. भिंतीकडून निघायची, पलंगाला वळसा घालून दुसऱ्या कडेशी थांबायची. मग कापड सरकल्यासारखा आवाज यायचा, कुणी पांघरुणाची घडी नीट करावी तसा. वस्तरा हातात धरून गोनेरी ऐकत राहायचा. आरशात आपलं तोंड दिसलं की तो नजर काढून घ्यायचा.

४

जाकुतची बायको तेफानी एका दुपारी मागच्या दाराने आली. शालीत पोरगी होती. त्या पोरीचा धर्मपिता गोनेरीच होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातावर धरलं होतं.

"बसत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "कपड्यांना गोठ्याचा वास येतोय. आम्ही गाईंपाशी झोपतो आता."

"घरात जागा नाही?"

"पलंगांवर ते आहेत. यांच्या पिंपांच्या फळ्या जाळून झाल्या, मग माग जाळला. काल पाळणा घातला चुलीत." तिने पोरीची शाल वर ओढली. पोरगी खोकली. "दोघं तरी दुसरीकडे हलवा. घरं तुम्ही दाखवता ना? एवढं करा."

"बघतो मी. सार्जंटाशी बोलतो."

"मागच्या वेळीही तुम्ही बघतच होता."

ती शेकोटीजवळ गेली, पोरीला ऊब द्यायला. आसनावर टेकणार तोच थबकली आणि त्यावर हात ठेवून पाहिला. "आत्ताच कुणी उठलं वाटतं इथून. मी कुणाची जागा घेत नाही ना?"

"नाही, नाही. बस तू."

ती बसली नाही. उभ्यानेच विस्तवाकडे पाहत म्हणाली, "कोठडीत शेवटचं भेटू दिलं तेव्हा मी यांना विचारलं होतं. दुसरा कोण होता, निदान मला तरी सांगा. नाही सांगितलं. म्हणाले, तो स्वतःच येऊन सांगेल तुला. माणूस भला आहे, जरा भित्रा आहे. त्याला वेळ दे."

तिला ठाऊक होतं की नव्हतं, तिच्या तोंडावरून काही समजत नव्हतं.

"तर मी वेळ देतेय, भाऊजी," तेफानी म्हणाली. "कुणी का असेना. पण पोरीची छाती भरलीय. तिला किती वेळ द्यायला सांगू?"

शब्द त्याच्या जिभेवर आले होते. दोन शब्द होते, मी होतो. तेवढे बाहेर पडले असते तर काय झालं असतं? तेफानीने ते सार्जंटाला सांगितले नसते, त्याला पुरतं माहीत होतं. फक्त तिने त्याच्याकडे पाहिलं असतं. त्या पाहण्याला तो भीत होता.

त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "डुकराची तंगडी आहे घरात. बरोबर देऊ का थोडी?"

तेफानी त्याच्या हातमोज्यांकडे पाहत होती, की त्याला उगाच तसं वाटलं, कोण जाणे. "द्या," ती म्हणाली. "शिपायांना आवडेल."

ती गेल्यावर आसन करकरलं.

५

तसाच तो जिना चढला. उजेड होता, बाहेर चौकात घोड्यांना पाणी पाजत होते, त्यामुळे त्याला धीर आला होता. भाच्याला मानगुटीला धरून खाली आणायचं, असं तो स्वतःशी घोकत होता. पायऱ्यांवर आता थेंब नव्हते, ओघळ होते.

वरच्या खोलीत कुणी नव्हतं. एक खिडकी, एक पलंग, कोपऱ्यात सफरचंदांची टोपली. पलंगाची भिंतीकडची बाजू चेपलेली होती. त्याने उजव्या हाताचा हातमोजा काढून तिथे तळहात टेकवला. गार असतं तर तो काहीतरी समजून चालला असता. ती जागा कोमट होती, माणूस नुकताच उठावा तशी. अलीकडची बाजू ताठ, कोरी, तिच्यावर सुरकुती नव्हती. पांघरूण तिरकं मागे घेतलं होतं. उशी झटकलेली होती.

गोनेरी त्या मोकळ्या खोलीत बोलू लागला. आपण कुणाशी बोलतोय हे त्याने मुद्दामच मनात येऊ दिलं नाही.

"तिचे शिपाई मी हलवतो," तो म्हणाला. "उद्या सकाळीच. माझ्या घरात घेतो. पोरीचं सगळं मी पाहीन, लग्नसुद्धा लावून देईन. दरवर्षी तुझ्या नावाने प्रार्थना म्हणवीन, मोठी, पाद्री बोलावून. आणखी काय हवं? गाव वाचलं ना रे. एकाच्या जिवावर वाचत होतं तर दोघांनी कशाला..."

पुढचं त्याला बोलवलं नाही. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला होता. छावणीत, त्या लांब टेबलापाशी तो ह्याच आवाजात बोलला होता.

मागे जिन्याची शेवटची पायरी वाजली. मग फळ्यांवर पावलं. घाई नाही, दबकणं नाही. आपल्या खोलीत येणाऱ्या माणसाची चाल होती ती. मेण जळाल्याचा वास आला. गोनेरीने मान वर केली नाही. खाली घातलेल्या नजरेच्या कडेने त्याला पांढऱ्या सदऱ्याची कड जाताना दिसली आणि तिच्याखाली एक टाच. पावलावर मेणाचे पिवळे थर चढलेले, एकावर एक. पावलांनी त्याला वळसा घातला, त्याला धक्का लागू नये इतपत दुरून. मग भिंतीकडून पलंगाच्या दोऱ्या कुरकुरल्या आणि गवताची गादी त्या बाजूला दबली.

फक्त वाट पाहणं चाललं होतं.

गोनेरी खाली पळाला. भीती वाटलीच. पण जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकून धापा टाकताना त्याला उमगलं की भीतीपेक्षा आपल्याला लाज जास्त वाटतेय. ज्याने कोठडीतही गोनेरीचं नाव घेतलं नाही, तो त्याच्यासाठी अर्धी गादी सोडून झोपत होता. काढलेला हातमोजा खिशात होता. तो त्याने पुन्हा चढवला.

६

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर त्याने सार्जंटाला गाठलं. लोक बाहेर पडत होते.

"माझ्या दारावर आकडा टाका," तो म्हणाला. "पिंपवाल्याच्या घरचे सगळे शिपाई माझ्याकडे आणा."

सार्जंटाने भुवया उंचावल्या. "तब्येत बरी आहे ना, कारभारीसाहेब? तुम्हाला माफी आहे."

"मी सोडतोय ती."

"का बरं?"

सगळे थांबले होते. तेफानी पोरीला घेऊन खालच्या पायरीवर उभी होती, जाकुत जिथे उभा होता त्याच जागी. का, याचं उत्तर द्यायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

"लहान पोर आहे त्या घरात," गोनेरी म्हणाला. "माणुसकी म्हणून."

"वा," सार्जंट म्हणाला. "चला मग. खोली बघू द्या. जागा पाहिल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, हाही नियमच आहे."

सगळी मंडळी मागून चौकापर्यंत आली. हिरव्या दारातून सार्जंट एकटाच आत गेला. त्याचे बूट जिन्यावर वाजले, वरच्या फळ्यांवर वाजले आणि थांबले. गोनेरी उंबऱ्याबाहेर उभा होता. मनात तो देवाची प्रार्थना करत होता. खोली रिकामी असू दे, निदान आज रिकामी असू दे, मग मी हळूहळू सगळं सांगेन, असं काहीतरी.

सार्जंट पाय न वाजवता खाली आला. बाहेर येऊन त्याने दार हळूच ओढून घेतलं.

"काय राव, थट्टा करता होय गरिबाची," तो म्हणाला. "घर भरलंय की तुमचं. दोघं झोपलेत वर, ढाराढूर. मला वाटलं तुम्हाला माफी आहे आणि तुम्ही कधीपासून गपचूप माणसं पोसताय."

"दोघं?" गोनेरी म्हणाला.

"दोघंच. भिंतीकडचा अनवाणी आहे बिचारा, पायाला काय माखलंय कोण जाणे. आणि अलीकडचा..." सार्जंट हसला. "अलीकडचा मजेशीर आहे. पांघरूण डोक्यावरून घेतलंय, पण हात बाहेर. हातमोजे घालून झोपलाय, झोपेतसुद्धा. तुमच्यासारखेच हो, असेच चामड्याचे. कोण, भाऊ का तुमचा?"

तेफानी बघत होती. आता तिच्या नजरेत राग नव्हता, काही विचारणंही नव्हतं. नुसती थांबली होती ती, दुकानात पुढच्या गिऱ्हाइकाचं आटोपायची वाट पाहावी तशी. गोनेरीला वाटलं, आता. आता बोललो तरी चालेल. फक्त हातमोजे काढायचे, बोलायचीसुद्धा गरज नाही.

"हो," तो म्हणाला. "भाऊ."

"मग जागा नाही. हलवत नाही कुणाला. आहेत तिथे राहू देत." सार्जंटाने खिशातून खडू काढला. "पण नोंद नोंदच." आणि त्या कोऱ्या हिरव्या दारावर त्याने आकडा टाकला, मोठा, चौकाच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल असा.

दोन.

लोकांनी तो वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही आकडे कळत होते, त्या हिवाळ्यात सगळेच शिकले होते. मग एकेकाने मान खाली घातली आणि आपापल्या पायांकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

तेफानी मात्र दाराकडे पाहत राहिली. मग गोनेरीच्या हातांकडे. "मी वेळ दिला होता, भाऊजी," ती हळू म्हणाली. पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि शिपाई होते त्या आपल्या घराकडे चालू लागली. पोरीचा खोकला चौकाच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

गोनेरी आत गेला. दार लावल्यावर अंधारात त्याला काही सुचेना. स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"धनी," माहारितने आतून विचारलं, तिच्या आवाजात आनंद होता, "दुसरा आला म्हणे. मीठ दोघांचं काढू ना?"

जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो उभा राहिला आणि खाली पाहिलं, तर आपण बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवलेले त्याला दिसले. कधी काढले ते आठवेना. फरशी गार होती. वर पलंगाच्या दोऱ्या कुरकुरल्या, आणि कुणीतरी कूस बदलून भिंतीकडे सरकलं.